डीले बंद केल्यावर काय उरतं?

एकदा रिहर्सलला जाताना मी डीले पेडलचा (वाजवलेला सूर थोड्या उशिराने पुन्हा ऐकवणारा डबा) अ‍ॅडॉप्टर घरी विसरले. पेडल मांडलेल्या बोर्डवरचं बाकी सगळं सुरू, हा एकच डबा मेलेला, आणि तो मध्ये असेपर्यंत गिटारचा आवाज पुढे सरकेना. शेवटी त्याला साखळीतून काढलं, आधीच्या पेडलची केबल थेट अ‍ॅम्पला लावली आणि चरफडत वाजवायला उभी राहिले.

पहिल्या गाण्याला कुणीतरी अंगावरचं पांघरूण ओढून घेतल्यासारखं झालं. सूर वाजला की तिथेच संपत होता. बोट जरा लवकर उचललं तर ऐकू येत होतं, पिक तारेला तिरकी लागली तरी ऐकू येत होतं. दोन तासांत नऊ गाणी झाली. सात गाण्यांत काही वेगळं आहे हे कोणाच्या लक्षातच आलं नाही. आठव्यानंतर बास वाजवणारा म्हणाला, "आज तुझी गिटार नीट ऐकू येतेय गं, अ‍ॅम्प बदललास का?" आणि एक गाणं, ज्याची सुरुवातच एकट्या गिटारने होते, ते दोनदा सुरू केलं आणि दोनदा सोडलं. तिसऱ्यांदा ड्रमर म्हणाला, "राहू दे, हे आज नको."

घरी येताना डोक्यात हाच हिशेब. नऊच्या नऊ गाण्यांत माझा डीले चालू असायचा. लागत होता एकाला.

इलेक्ट्रिक गिटार वाजवणाऱ्याला डीले लागतोच का, हा वाद कुठल्याही दोन गिटारवाल्यांमध्ये पाच मिनिटांत पेटतो आणि तासभर विझत नाही. माझं म्हणणं एवढंच, की गिटारवाल्याला तो लागत नाही, काही गाण्यांना लागतो. ऐकायला ही शब्दांची कसरत वाटेल. पण यातलं पहिलं मान्य केलं की बोर्डवरचा डीलेचा दिवा प्रत्येक गाण्याआधी नव्याने लावावा लागतो, आणि लावताना स्वतःला कारण सांगावं लागतं. आपल्यापैकी बहुतेकांनी हे कारण कधी विचारलेलंच नसतं. डीले विकत घेतला त्या दिवशी चालू केला, तो चालूच आहे.

आता, एवढ्यावरून मला "गिटार, केबल, अ‍ॅम्प, बाकी सगळं थोतांड" म्हणणाऱ्यांच्या गोटात बसवू नका. त्या गोटाशी माझं आणखीनच कमी पटतं. त्यांच्या मते खरा आवाज बोटांत असतो आणि पेडल म्हणजे रंगरंगोटी. पण इलेक्ट्रिक गिटारला खरा म्हणावा असा आवाज असतो कुठे? अ‍ॅम्पला न जोडता वाजवून पाहा, शेजारच्या खोलीपर्यंत पोचत नाही. तार चुंबकाजवळ थरथरते, पिकअपच्या वेटोळ्यात वीज तयार होते, ती अ‍ॅम्पमध्ये वाढते, वाढता वाढता बिघडते आणि कागदाच्या शंकूतून खोलीत येते. या सगळ्या प्रवासात निसर्गाने दिलेलं काय असेल तर ते बोट. बाकी सगळं यंत्र. मग त्या साखळीत आणखी एक यंत्र आलं तर बाटलं कसं?

या वादात एसी/डीसीच्या अंगस यंगचं नाव हटकून येतं: पेडलच्या नादी न लागता गिटार थेट मार्शल अ‍ॅम्पमध्ये. खरं आहे. पण सत्तरच्या दशकाच्या शेवटी तो जी वायरलेस यंत्रणा वापरत होता, तिच्यातलं सर्किट आवाज दाबून पुन्हा फुलवायचं, आणि त्याच्या त्या काळातल्या आवाजात त्या सर्किटचाही वाटा होता. उलट बाजूची गंमत इकोप्लेक्स ईपी-३ ची. हे टेपवर चालणारं इकोचं यंत्र. कित्येक जण त्यातला इको शून्यावर ठेवून ते नुसतं जोडून ठेवायचे, कारण त्याच्या आवाज आधी वाढवून घेणाऱ्या प्रीअ‍ॅम्पमधून गेलेला आवाज जरा उजळ आणि भरीव व्हायचा. डीलेचं यंत्र, आणि वापर डीले सोडून बाकी सगळ्यासाठी.

शिवाय पडसादापासून कोणाचीच सुटका नाही. आवाज सेकंदाला साधारण ३४३ मीटर जातो. स्टेजपासून मागची भिंत १७ मीटरवर असेल, तर तुमचा सूर तिथे आपटून परत यायला सुमारे १०० मिलिसेकंद लागतात. एकही पेडल न लावता तुमच्या गिटारला डीले लागलेला असतो, तोही तुम्हाला बंद न करता येणारा. १९४९ साली हेल्मुट हासने दाखवून दिलं की मूळ आवाजामागून अगदी थोड्या वेळात, ढोबळमानाने ३०-४० मिलिसेकंदांच्या आत, आलेली त्याची नक्कल कान सुटी मोजत नाही. ती मूळ आवाजातच मिसळते, त्याला जाडी देते. त्यापुढे ती हळूहळू वेगळी होऊ लागते. म्हणजे लहान खोलीत वाजवणारा 'कोरडा' गिटारवाला जे ऐकतो, त्यातही भिंतींचे पडसाद असतातच, फक्त कान ते त्याच्या खात्यावर जमा करून मोकळा होतो.

तेव्हा शुद्धतेचा मुद्दा बाजूला ठेवू. तो गिटारचा प्रश्न नाहीच, स्वभावाचा आहे.

डीले गिटारपाशी आला कसा हे पाहिलं तर गरजेचा प्रश्न जरा सुटा होतो. १९५० च्या दशकात तो टेपमधून आला. गिटारवादक लेस पॉल आधीपासूनच टेपशी खेळत होता. मेम्फिसच्या सन स्टुडिओत निर्माता सॅम फिलिप्स दुसरा टेप रेकॉर्डर लावून आवाजामागे एकच चटकन येणारी नक्कल जोडायचा. टेपवर रेकॉर्ड करणारं हेड आणि वाचणारं हेड यांच्यात अंतर असतं. ते दोन इंच धरलं आणि टेप सेकंदाला १५ इंच पळत असली, तर नक्कल १३३ मिलिसेकंदांनी येते. हाच तो स्लॅपबॅक. तीन-चार वादक, लहानशी खोली, आणि रेकॉर्डवर मात्र जागा मोठी आणि ठेका दाट वाटायचा. मग पंचाईत अशी झाली की स्टेजवर हे कसं वाजवायचं? रे बट्सने इकोसॉनिक नावाचा अ‍ॅम्प बांधला होता, त्याच्या पोटातच टेप इको होता. एल्व्हिसबरोबर वाजवणाऱ्या स्कॉटी मूरने तो घेतला. इथे गरज स्पष्ट आहे: रेकॉर्डवर जे गाणं लोकांनी ऐकलं, त्यातून तो ठोका काढला तर गाणं अर्धं.

पुढची पायरी मला फार आवडते. १९६९ साली फिलिप्स कंपनीच्या प्रयोगशाळेत सँगस्टर आणि टेअर या दोघांनी एक सर्किट काढलं. आग लागली की माणसं रांग करून पाण्याच्या बादल्या हातोहात पुढे देतात, तसं यात हजारो कपॅसिटर विजेचा भार एकाकडून दुसऱ्याकडे देत जातात. नावही तेच पडलं, बादल्यांची रांग. ४०९६ बादल्यांची एक चिप, सेकंदाला १०,००० ठोक्यांच्या घड्याळावर चालवली, की सुमारे २०५ मिलिसेकंद उशीर मिळतो. जास्त हवा असेल तर घड्याळ हळू करा. पण घड्याळ हळू केलं की वरच्या पट्टीतला आवाज गाळून टाकावा लागतो, नाहीतर भलताच कचरा ऐकू येतो. आणि हातोहात बादल्या देताना थोडं सांडतंच. त्यामुळे परत येणारा सूर मूळ सुरापेक्षा मंद, जरा मळलेला, कडा घासलेला. मेमरी मॅन किंवा बॉसचा डीएम-२ असे या चिपवरचे पेडल ऐकून लोक आजही 'काय उबदार आहे' म्हणतात, त्या उबेचं मूळ या गळतीत आहे.

आणि ही गळती फार कामाची होती. मळलेला सूर मागे राहतो. पुढचा ताजा सूर त्याच्यावरून चालत जातो, दोघं एकमेकांच्या पायात येत नाहीत. टेपचंही तसंच, प्रत्येक फेरीत वरचा आवाज झिजत जायचा. मग डिजिटल आलं. ऐंशीच्या दशकाच्या पूर्वार्धात ते पायाखालच्या डब्यात मावलं, आणि परत येणारा सूर पहिल्याइतकाच लख्ख झाला. कागदावर ही प्रगती. प्रत्यक्षात आता दोन गिटारवाले एकाच खुर्चीवर बसायला बघतात. म्हणून पुढे उलटा प्रवास सुरू झाला. १९९९ साली लाइन सिक्सचा डीएल-४ हा डिजिटल डीले आला, त्यात जुन्या टेपयंत्रांच्या आणि अ‍ॅनालॉग पेडलांच्या नकला होत्या: टेपचं डुगडुगणं, आवाजाचा मळ, सगळं मुद्दाम घातलेलं. तंत्रज्ञांनी घालवलेला दोष तंत्रज्ञांनाच परत आणून द्यावा लागला. हे ज्याला कळलं त्याला डीलेचा निम्मा वापर कळला असं मी समजते. मला कळायला सहा वर्षं लागली. तोपर्यंत माझ्या पेडलचा टोन नॉब कायम पूर्ण उजवीकडे होता.

आता त्या एका गाण्याकडे येते, जे त्या दिवशी सोडून द्यावं लागलं. त्यात जे घडत होतं तो डीलेचा सगळ्यात प्रामाणिक वापर आहे, आणि नेमका त्याच्याचबद्दल गैरसमज जास्त.

गाण्याची लय मिनिटाला १२० मात्रांची धरा. एक मात्रा ५०० मिलिसेकंदांची. मी वाजवते अर्ध्या-अर्ध्या मात्रेवर, म्हणजे दर २५० मिलिसेकंदांनी एक सूर. साधं, कोणालाही जमेल असं. डीले लावलेला असतो पाऊण मात्रेचा, ३७५ मिलिसेकंदांवर. इंग्रजी वळणाचे लोक याला डॉटेड एट्थ म्हणतात. आपल्याला 'पाऊण' हा शब्द आयता मिळालेला आहे, तो वापरायला हरकत नाही. माझा पहिला सूर शून्यावर, दुसरा २५० वर, तिसरा ५०० वर. पहिल्याची नक्कल ३७५ वर, दुसऱ्याची ६२५ वर, तिसऱ्याची ८७५ वर. नकला बरोबर माझ्या सुरांच्या मधल्या फटीत पडतात. ऐकणाऱ्याला मात्रेला चार सूर ऐकू येतात, त्यातले दोन मी वाजवलेले आणि दोन मी काही वेळापूर्वी वाजवलेले. शिवाय ती नक्कल आधीच्या सुराची असल्यामुळे शेजारी येणारे दोन सूर वेगवेगळे, आणि त्यातून एक तिसरीच धून विणली जाते, जी माझ्या बोटांत कुठेच नसते.

यू-टूच्या एजने या पाऊण मात्रेवर अख्खी शैली उभी केली. १९८७ च्या 'व्हेअर द स्ट्रीट्स हॅव नो नेम' ची सुरुवात आठवा. पिंक फ्लॉइडच्या डेव्हिड गिलमोरने १९७९ च्या 'रन लाइक हेल' मध्ये दाबलेल्या तारांवर तेच केलं. तिथे डीले बंद करा, सांगाडाही उरत नाही. चार-दोन सूर उरतात. यावरूनच लोक एजला हिणवतात, की बघा, डीले काढला की याला काही येत नाही. मला हा आरोप बासरीवाल्याची बासरी काढून घेऊन 'आता फुंकून दाखव' म्हणण्यासारखा वाटतो. तो डीलेतून वाजवत नाही, तो डीले वाजवतो. कुठला सूर दोनदा ऐकू येणार, कुठे जागा सोडायची, कुठल्या दोन सुरांची गाठ पुढच्या फटीत पडणार, हे सगळं आधी डोक्यात ठरवून मग हात चालतो. ही रचना आहे आणि ती अवघड आहे.

किती अवघड, ते ड्रमरने लय सोडली की कळतं. समजा १२० वर सुरू झालेलं गाणं जोशाच्या भरात १२६ वर गेलं. आता पाऊण मात्रा ३५७ मिलिसेकंदांची झाली, पण पेडल ३७५ वरच हटून बसलंय. पहिली नक्कल १८ मिलिसेकंद उशिरा, तिच्यातून निघालेली दुसरी ३६, तिसरी ५४. लयीवर बारीक वाळू पडल्यासारखं ऐकू येऊ लागतं. टॅप टेम्पोच्या बटणावर पायाने ठोके देऊन दुरुस्त करता येतं, पण ते ठोके देताना हातानेही वाजवायचं असतं. बँडमधल्या सगळ्यांनी एका यंत्राच्या लयीत चालायचं ही या वापराची किंमत. ज्या गाण्याला ती किंमत परवडते तिथे ती द्यावी.

अशी आणखी उदाहरणं आहेत. क्वीनच्या ब्रायन मेने 'ब्रायटन रॉक' मध्ये लांब डीलेच्या दोन नकलांवर आपलाच सूर चढवत एकट्याने तीन गिटारांचं काम केलं. एडी व्हॅन हेलनने १९८२ च्या 'कथीड्रल' मध्ये डाव्या हाताने सूर ठोकत उजव्याने व्हॉल्यूमचा नॉब फिरवला, पिकचा आघात गिळून टाकला, आणि डीलेमुळे गिटार ऑर्गनसारखी वाजू लागली. किंग क्रिमसनच्या रॉबर्ट फ्रिपने दोन टेप रेकॉर्डर एकाच टेपने जोडून काही सेकंदांचा डीले केला, त्यावर एकटाच थरावर थर रचत बसायचा. यातल्या कोणाला 'डीलेची गरज आहे का' विचारण्यात अर्थ नाही. पियानोवाल्याला पेडलची गरज आहे का विचारण्यासारखं आहे ते.

पण आपण बहुतेक जण हे करत नाही. आपण करतो ते दुसरंच: साधारण ४०० मिलिसेकंदांचा डीले, तीन-चार नकला, मिक्स (नकलांचा आवाज) जरा वर, आणि मग काहीही वाजवायचं. यात लयीशी करार नाही, रचना नाही. मग हे करतो कशासाठी?

स्वतःसाठी. हे कबूल करायला मला वेळ लागला. तारेला आघात केला की सूर जन्मतो आणि त्याच क्षणी मरायला लागतो. गाणाऱ्याकडे श्वास असतो, व्हायोलिनवाल्याकडे गज असतो. सूर सुरू झाल्यावरही त्यांना त्यात भर घालता येते. गिटारवाल्याच्या हातात आघातानंतर उरतं ते डाव्या हाताचं बोट आणि त्याचा कंप. डिस्टॉर्शन (मुद्दाम फाटवलेला आवाज) भरपूर असेल तर सूर लांबतो, स्वच्छ आवाजात तो लगेच ओसरतो, आणि ती मागची शांतता वाजवणाऱ्याला खायला उठते. डीले ती शांतता भरून काढतो. बंद खोलीत एकट्याने वाजवताना तर तो सोबतीला बसल्यासारखा वाटतो. सूर सोडला, तो परत आला, म्हणजे कुणीतरी ऐकलं.

ही सोबत खोटी आहे असं मी म्हणणार नाही. हेडफोन लावून वाजवताना तर मी स्वतः ती घेते. हेडफोनमध्ये कोरडी गिटार कपाळाच्या आत वाजते, तिथे भिंत नाही, खोली नाही, काही नाही. थोडा रिव्हर्ब (खोलीच्या घुमण्याची नक्कल), थोडा डीले नसेल तर दहा मिनिटांत गिटार ठेवून द्यावीशी वाटते. न वाजवण्यापेक्षा डीले लावून वाजवलेलं कधीही चांगलं. फक्त ती सोय आपल्या कानाची होती हे उठताना लक्षात असावं. ती तशीच उचलून बँडमध्ये नेली की घोटाळा होतो.

बँडमध्ये त्या फटी रिकाम्या नसतात. गिटारचा सूर ओसरतो तिथे स्नेअर वाजतो, गाणाऱ्याचा शब्द संपतो, बास पुढची पायरी चढतो. माझ्या तीन नकला जाऊन बसतात नेमक्या तिथेच. त्या अ‍ॅडॉप्टरच्या दिवसानंतर मी एक खटाटोप केला. एकच गाणं रिहर्सलला दोनदा वाजवलं, एकदा डीले लावून, एकदा न लावता, आणि मोबाइल खोलीच्या दुसऱ्या टोकाला खिडकीत ठेवून दोन्ही रेकॉर्ड केलं. वाजवताना मला पहिलं आवडलं होतं, शंका नको. रेकॉर्डिंगमध्ये मात्र पहिल्यात डीले डीले म्हणून ऐकूच येत नव्हता. झांजांच्या आणि गाण्याच्या आवाजात नकला बुडाल्या होत्या. उरला होता फक्त त्यांचा गाळ: कॉर्ड बदलल्यावरही आधीच्या कॉर्डचा एखादा सूर रेंगाळत होता, आणि सोलोतली जलद जागा ओल्या कागदावरच्या शाईसारखी फुटली होती. माझ्या अ‍ॅम्पसमोर एक मीटरवर उभं राहून मी जे ऐकत होते, ते खोलीत दुसऱ्या कुणाला ऐकूच येत नव्हतं. डीलेचा फायदा मला, तोटा सगळ्यांना.

मोठ्या हॉलमध्ये हे आणखी बिघडतं. तिथे मागच्या भिंतीचा १०० मिलिसेकंदांचा हिशेब आधीच चालू असतो, आणि साउंड इंजिनिअरही वरून थोडं काही घालत असतो. त्यात माझे ४०० मिलिसेकंद. तीन जण एकाच वेळी एकाच भिंतीला रंग देतायत आणि कोणी कोणाला विचारलेलं नाही. साउंडचेकला इंजिनिअरने "गिटार जरा कोरडी मिळेल का?" असं विचारलं की गिटारवाले दुखावतात. मीही दुखावले आहे. पण हॉलमध्ये बसलेल्यांना काय ऐकू येतंय हे त्या वेळी त्याला माहीत असतं, मला नाही.

आणि एक गोष्ट जी मला सगळ्यात जास्त खुपते. सूर सुरू कसा करायचा हे सगळे शिकवतात. संपवायचा कसा हे फारसं कोणी शिकवत नाही. एक सूर वाजवा, तो ठरलेल्या मात्रेवर तोडा, बोट हलकेच उचलून, शेजारच्या तारा तळव्याने धरून, मध्ये कुठलीही तार न किणकिणता. करून पाहा. बऱ्याच जणांच्या हातून पहिल्यांदा सूर तुटत नाही, सांडतो. फंक, रेगे, जुनं सोल, या सगळ्या संगीतात गिटारचं निम्मं काम हे तोडणं असतं. सोल गिटारवादक स्टीव्ह क्रॉपरच्या दोन-दोन सुरांच्या जागा ऐका. ते कुठे थांबतात यावर गाणं चालतं. डीले कायम चालू ठेवून वाढलेल्या हाताला हे येत नाही, कारण त्याला कधी गरजच पडलेली नसते. सूर कसाही संपला तरी नकला त्यावर पांघरूण घालतात. आपली झाकली मूठ आपल्यालाच झाकलेली. माझी तर कित्येक वर्षं होती. लयीचंही तेच. ठोक्याच्या जरा आधी किंवा नंतर पडलेला सूर तीन नकलांच्या गर्दीत खपून जातो.

यावर माझा एक मित्र, जो माझ्यापेक्षा बरा वाजवतो, म्हणतो की हे सगळं मान्य, पण डीले लावला की मला सुचतं. हातून वेगळ्या गोष्टी निघतात. या मुद्द्याला माझ्याकडे धड उत्तर नाही, आणि ते शोधायची मला घाईही नाही. सुचण्यासाठी कुणी खिडकीत बसतं, कुणी पहाटे उठतं, कुणी डीले लावतं. अ‍ॅलन होल्ड्सवर्थला गिटारमधून सॅक्सोफोनसारखा श्वास हवा होता. व्हॉल्यूम पेडल आणि अनेक डीले यांतून त्याने कॉर्ड अशा उगवत्या केल्या की आघात कुठे झाला ते कळू नये. यंत्र नसतं तर ते सुचलं नसतं. मी मित्राला एवढंच म्हणते, की सुचलेलं एकदा डीले काढून वाजवून बघ. उभं राहिलं तर डीले पायाड होता, काढून टाक. कोसळलं तर तो खांब आहे, तिथेच राहू दे, आणि मग ड्रमरला लय सांभाळायला सांग. यावर तो हसतो. त्याच्या बोर्डवर तीन डीले आहेत.

मधले मार्गही आहेत. तुम्ही वाजवत असताना नकला दाबून ठेवणारा आणि तुम्ही थांबलात की वर येऊ देणारा डीले मिळतो, डकिंग म्हणतात त्याला. बँडमध्ये सोलोसाठी तो मला सगळ्यात सभ्य वाटतो. किंवा १०० मिलिसेकंदांच्या आसपासची एकच नक्कल, मिक्स खाली. कुणाला डीले म्हणून कळत नाही, गिटार मात्र जराशी जाड वाटते. नव्याने शिकणाऱ्यांना मी सांगते, पहिलं वर्ष डीलेशिवाय काढा. मग घ्या तेव्हा तीन नॉबचा साधा घ्या: किती उशीर, किती नकला, किती मोठ्याने. तीन नॉबमध्ये जे जमत नाही ते तीस प्रीसेटमध्येही जमलेलं मी पाहिलेलं नाही. हा माझा पूर्वग्रह आहे, तसाच घ्या.

सध्या आमच्या नऊ गाण्यांपैकी एकात माझा डीले चालू असतो, पाऊण मात्रेचा, आणि त्या गाण्याला ड्रमर कानात क्लिक (यंत्राचे लयीचे ठोके) घेऊन बसतो. सात गाणी कोरडी आहेत, आणि आठ-पंधरा दिवसांत ते नागवेपण अंगवळणी पडलं. वाद फक्त एका गाण्याचा उरलाय. संथ लयीचं आहे, शेवटी गिटारचा लांब सोलो आहे, आणि गाणारी म्हणते की डीलेशिवाय तो सोलो तिला गाण्यातून बाहेर फेकल्यासारखा वाटतो. बासवाला म्हणतो, अजिबात नको, आत्ता कुठे सूर कळायला लागलेत. आम्ही दोन्ही रेकॉर्डिंगं चार वेळा ऐकली. दर वेळी मत फिरलं, माझं धरून. तूर्त त्या सोलोला मी मिक्सचा नॉब घड्याळाच्या नऊवर ठेवते, नकला दोन, टोन पूर्ण डावीकडे. बासवाल्याला अजून ते सांगितलेलं नाही, आणि त्याने अजून विचारलेलंही नाही.